४० मीटरचं बिटएक्स किट: बोलायला मध्यम, बांधायला लै भारी

बरेच जण विचारायलेत की हे हॅम रेडिओचं (हौशी लोकांच्या बिनतारी बोलण्याचं) घरी बांधायचं किट घेऊ का नको, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. उत्तर आधीच देतो म्हणजे ज्याला पुढचं वाचायचं नाही त्याचा वेळ वाचेल. निस्तं बोलायचं असेल तर घेऊ नका, एखादा कंपनीचा सेकंडहँड रिग (तयार रेडिओ सेट) बघा, पैसे जास्त जातील पण घरी आणल्या दिवशी संध्याकाळी बोलायला लागाल. पण रेडिओ आतून कसा चालतो हे स्वतःच्या हातानं समजून घ्यायचं असेल, आणि उद्या बिघडला तर तालुक्याच्या टीव्ही रिपेअरवाल्याकडच्या पार्टवर परत उभा करता यावा असं वाटत असेल, तर डोळे झाकून घ्या. आता डोळे झाकून म्हणजे अगदी तसं नाही, काही गोष्टी माहिती असलेल्या बऱ्या, त्याच खाली लिहायलोय.

किट आहे ७ मेगाहर्ट्झचं म्हणजे ४० मीटर बँडचं, एसएसबी (कमी जागेत आवाज पाठवायची पद्धत), साधारण ७ वॅट. सर्किट बिटएक्सचं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, बिटएक्स ही डिझाइन हैदराबादच्या अशर फरहान यांची, कॉलसाइन (हॅमची हवेतली ओळख) व्हीयू२ईएसई. पहिला बिटएक्स २० मीटरचा होता आणि त्यात त्यांनी मुद्दाम असे पार्ट वापरले होते जे आपल्याकडं कुठल्याही गावात मिळतील, म्हणजे व्हीएफओची (स्टेशन बदलणाऱ्या सर्किटाची) कॉइल चक्क नळाच्या प्लास्टिक वॉशरवर गुंडाळलेली. परदेशातून टोरॉइड (तार गुंडाळायची गोल रिंग) मागवा, मग कस्टमची वाट बघा, असली भानगडच नको म्हणून. नंतर २०१६ मध्ये बिटएक्स ४० चा तयार बोर्ड आला, २०१७ च्या शेवटी सगळ्या एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) बँडचा मायक्रोबिटएक्स आला, आणि त्या बोर्डांची टोरॉइडं हैदराबादच्या बायकांच्या एका गटाकडून गुंडाळून घ्यायचे हे मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं. जगभरच्या हॅम लोकांनी ते बोर्ड घेतले. एरवी आपल्याकडं 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतात, इथं जर्मनीच्या माणसानं हैदराबादचा रेडिओ बांधला, आणि हैदराबाद म्हणजे आपलं जुनंच राजधानीचं गाव की, १९४८ पर्यंत आपण मराठवाडावाले निजामाकडंच होतो.

पण मी घेतलेला तो तयार बोर्ड नाही. सर्किट सगळ्यांसाठी खुलं आहे, त्यामुळं बरेच हौशी लोक स्वतः पीसीबी (पार्ट बसवायची छापील पाटी) छापून किटं विकतात, त्यातल्याच एकाकडून हे घेतलं. नाव लिहीत नाही, कारण माणूस चांगला आहे, फोन उचलतो, आणि खाली ज्या तक्रारी आहेत त्या अशा घरगुती किटांच्या जवळजवळ सगळ्यांच्याच आहेत. या किटात सगळे पार्ट पायवाले आहेत, एसएमडी म्हणजे बिनपायाचे बारीक नाहीत, म्हणजे चष्मा लागलेल्या माणसालाही जमेल.

पाकीट उघडलं की पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती पीसीबी. पीसीबी उत्तम. जाड आहे, छपाई स्वच्छ, प्रत्येक जागी पार्टचा नंबर आणि व्हॅल्यू दोन्ही छापलेलं, वरून भरपूर जमीन (ग्राउंडचं तांबं) सोडलीय. सोबतचं माहितीपत्रक मात्र झेरॉक्सची झेरॉक्स, त्यात सर्किट डायग्राम एवढा बारीक की मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघावा लागतो. दोन डिस्क कपॅसिटर कमी निघाले, एका जागी १०४ च्या ऐवजी १०३ आलेला. हे पार्ट एक-दोन रुपयाचे, पण जो पहिल्यांदा बांधतोय त्याला कळणार कसं की चुकीचा आलाय. म्हणून किट आल्या आल्या सगळे पार्ट मोजून, रेझिस्टर मीटरवर तपासून, थर्माकोलवर टोचून ठेवायचे. कंटाळवाणं काम आहे पण करा.

क्रिस्टलबद्दल मात्र विक्रेत्याला शाबासकी. या बिटएक्समध्ये १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलांची रांग लावून फिल्टर केलेला असतो, शेजारच्या स्टेशनाचा आवाज आपल्या कानात येऊ न देणारा तोच. बाजारात १२ चा क्रिस्टल दहा-पंधरा रुपयाला मिळतो, पण चार घेतले तर चारही थोडे वेगळे निघतात, शंभर दोनशे हर्ट्झचा फरक सहज असतो, आणि असे मिसळून लावले की फिल्टरचा आकार बिघडतो, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. या गड्यानं प्रत्येक क्रिस्टल मोजून, सारखे सारखे वेगळ्या पुडीत घालून, वर पेनानं फ्रिक्वेन्सी लिहून पाठवलीय. आणि उंच डबीवाले दिलेत, बुटके नाही. बुटक्यांचा क्यू (गुणवत्तेचा आकडा) कमी असतो, फिल्टरमध्ये सिग्नल खातात.

टोरॉइड गुंडाळायचं काम लोकांना नको वाटतं, बरेच जण इथंच किट कपाटात ठेवून देतात. खरं तर एवढं अवघड काही नाही. आउटपुटच्या लो-पास फिल्टरला (७ च्या वरचं अडवणाऱ्या) लाल रंगाचे टी५०-२ रिंग आहेत, त्यावर १६ वेढे दिले की सव्वा मायक्रोहेन्रीच्या जवळ जातं. वेढा मोजताना एकच लक्षात ठेवा, तार भोकातून एकदा गेली की एक वेढा झाला, बाहेरून मोजायचं नाही. मिक्सरचे (दोन फ्रिक्वेन्सी मिसळणाऱ्या सर्किटाचे) ट्रान्सफॉर्मर थोडे किचकट, तीन तारा एकत्र पिळून काळ्या फेराइटवर गुंडाळायच्या आणि मग कुठलं टोक कुणाचं हे ओळखून जोडायचं. तिन्ही तारा एकाच रंगाच्या असतील तर गोंधळ होतो, म्हणून टोकांना आधीच नेलपॉलिशचे वेगवेगळे ठिपके द्या. घरात कुणाची तरी असतेच, विचारून घ्या फक्त.

किटासोबत आलेली इनॅमल तार तोकडी होती. आता इथं आपल्या भागाचा फायदा बघा. मराठवाड्यात चांगलं हॉटेल नसेल असं गाव सापडंल, पण मोटर वाइंडिंगचं दुकान नसेल असं नाही सापडणार, विहिरीवरच्या मोटरा जळायचं काही थांबत नाही. स्टँडच्या पलीकडं एक मामा आहेत त्यांच्याकडं गेलो. म्हणलं मामा, २६ नंबरची तार द्या थोडी, चार-पाच मीटर. मामा म्हणाले, "किती एचपीची मोटर हाय सर?" म्हणलं मोटर नाही, रेडिओ आहे. "रेडिओला कुठं वाइंडिंग असतंय?" मग खिशातलं टोरॉइड दाखवलं, त्यांनी ते अंगठ्यावर फिरवून बघितलं, आणि आमच्यासमोर एका दमात वेढे टाकून दिले, इतके एकसारखे की मला आजपर्यंत तसे जमले नाहीत. तारेचे पैसे घेतले नाहीत. एक सांगतो, सबमर्सिबल मोटरची तार प्लास्टिकच्या वेष्टणाची असते, ती आपल्या कामाची नाही, पंख्याची किंवा मोनोब्लॉकची मागा. आणि टोकाचं इनॅमल नीट खरवडून, कथिल चढवूनच जोडा, वरून चमकतंय म्हणजे जोडलं गेलंय असं नसतं.

बांधायचा क्रम पत्रकात दिलेला नाही, ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटली. एकदम सगळा बोर्ड भरून शेवटी करंट दिला आणि आवाज आला नाही तर शोधायचं कुठून? मी म्हणेन आधी ऑडिओ भरा, एलएम३८६ (आवाज मोठा करणारा आयसी) आणि त्याच्या भोवतीचे पार्ट, व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला बोट लावलं की स्पीकरमधून गुर्रर्र झालं पाहिजे. मग बीएफओ, म्हणजे एसएसबीतून परत बोलणं काढायला लागणारा ऑसिलेटर. मग फिल्टर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे अँप्लिफायर. बिटएक्सची सगळी गंमत या अँप्लिफायरमध्ये आहे, ते दोन्ही दिशांनी चालतात. ऐकताना सिग्नल अँटेनाकडून स्पीकरकडं जातो, बोलताना त्याच फिल्टरमधून उलटा माइककडून अँटेनाकडं, फक्त कुठल्या बाजूच्या ट्रान्झिस्टरला करंट द्यायचा ते बदलतं. म्हणजे रिसीव्हर वेगळा आणि ट्रान्समीटर वेगळा बांधायला नको, अर्ध्या पार्टात दोन्ही होतं. आणि याचा दुसरा फायदा असा की रिसीव्हर चांगला वाजायला लागला म्हणजे ट्रान्समीटरचं बरंचसं काम झालेलंच असतं.

फ्रिक्वेन्सीचं काम एक अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड) आणि एसआय५३५१ (फ्रिक्वेन्सी तयार करणारी चिप) करतं. ५ मेगाहर्ट्झच्या जवळपासचा सिग्नल तयार होतो, तो अँटेनावरच्या ७ मध्ये मिळवला की १२, की गेला फिल्टरमधून. जुन्या बिटएक्समध्ये व्हीएफओ सरकायचा, दुपारी लावलेलं स्टेशन संध्याकाळी हलायचं, इथं तो त्रास नाही.

आता ऐकण्याबद्दल. रिसीव्हर छान आहे, खरंच छान. गोंगाट कमी, आवाज स्वच्छ, सकाळी सात-आठच्या सुमाराला बँडवर दक्षिणेकडची मंडळी अशी ऐकू येतात की शेजारच्या खोलीत बसलेत. ही तारीफ करताना एक अट मात्र आहे, ती म्हणजे महावितरण. मला आधी वाटायचं रिसीव्हर सुस्कारे टाकतोय तो त्याचा स्वतःचा आवाज, मग एकदा ऐन ऐकताना लाईट गेली आणि बँड एकदम विहिरीच्या तळासारखा शांत झाला, आधी जे स्टेशन कुजबुजत होतं ते खणखणीत वाजायला लागलं. तेव्हापासून आमच्या घरात लोडशेडिंगची वाट बघणारा एकटा मीच. घरातले एलईडी बल्ब, मोबाईलचे स्वस्त चार्जर, शेजारच्या सोलरचा इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्स, आणि गल्लीच्या तोंडाला डीपीवर एखादा सैल जंपर असेल तर तो, सगळे मिळून ७ मेगाहर्ट्झवर कचरा टाकतात. म्हणून किटाला दोष द्यायच्या आधी घराचा मेन स्विच पाडून बॅटरीवर ऐकून बघा. आणि एसएमपीएसवर (लाईटवर चालणाऱ्या स्विचिंग सप्लायवर) चालवायच्या नादाला लागूच नका. मी फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी वापरतो, बोंडअळीची फवारणी संपली की ती तशी पडूनच असते, ऐकायला तर दिवसभर पुरते.

मे-जूनमध्ये वळवाचं वातावरण झालं की मात्र काही इलाज नाही, दोनशे किलोमीटरवर कडाडलेली वीजसुद्धा कानात फाटते. दिवाळीनंतर थंडीत लावून बघा, तोच रेडिओ वेगळा वाटतो.

पाठवायच्या बाजूला शेवटचा ट्रान्झिस्टर आयआरएफ५१० आहे. हा मुळात स्विचिंगसाठी बनवलेला मॉसफेट, रेडिओसाठी नाही, पण स्वस्त आहे आणि कुठंही मिळतो म्हणून बिटएक्सनं त्याला कामाला लावला. त्याचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो, म्हणजे हीटसिंकला लावताना मध्ये अभ्रक आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश पाहिजेच. किटात अभ्रक होता, बुश नव्हतं. पत्रकात याच्याबद्दल एक ओळ नाही! नवशिक्यानं तसाच कसला तर पहिल्याच क्षणी १२ व्होल्ट जमिनीला. बायसचा (मॉसफेटला आधीच थोडा चालू ठेवणारा) प्रीसेट आधी पूर्ण कमी करून ठेवायचा, माइक न लावता पीटीटी (बोलायचं बटण) दाबायचं, अँपिअर मीटर बघत हळूहळू वाढवायचं आणि आधीच्या करंटवर १०० मिलिअँपिअर वाढले की थांबायचं. आणि हे सगळं अँटेनावर नाही, डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायच्या रेझिस्टरवर). डमी लोड विकत घ्यायची गरज नाही, १ किलोओहमचे २ वॅटवाले २० रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम होतात, फक्त कार्बनचे किंवा मेटल फिल्मचे घ्या, सिमेंटवाले तारेचे असतात ते चालत नाहीत. एक डायोड आणि एक कपॅसिटर लावून त्यावर मीटर धरला आणि बोलताना २६-२७ व्होल्टच्या शिखरापर्यंत गेला की समजा ७ वॅट निघायलेत. माझ्या किटानं एवढे दिले, विक्रेत्यानं जे सांगितलं तेवढेच. आजकाल एवढं खरं कोण सांगतं.

आता मॉडिफिकेशन. खरा रिव्ह्यू इथून, कारण किट जसं येतं तसं कुणीच ठेवत नाही.

सगळ्यात आधी करायचं ते एजीसी, म्हणजे आवाज आपोआप कमीजास्त करणारं सर्किट. बिटएक्सच्या साध्या सर्किटात एजीसी नाही, म्हणजे लांबचं बारीक स्टेशन ऐकायला आवाज वाढवून बसलात आणि मध्येच कुणी जवळचा १०० वॅटवाला बोलला की हेडफोन फेकून द्यावा लागतो. कानाची चेष्टा नाही ही. निदान हेडफोनच्या जॅकवर उलटसुलट दोन डायोड तरी लावाच. मी ऑडिओवरून चालणारा छोटा एजीसी बसवला, स्पीकरकडचा थोडा आवाज दोन १एन४१४८ डायोडनी रेक्टिफाय करून त्यानं एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर उघडायचा, तो व्हॉल्यूमच्या आधीच जास्तीचा सिग्नल जमिनीकडं वळवतो. कंपनीच्या रिगसारखा गुळगुळीत नाही, शब्दाचा पहिला भाग थोडा जोरात येतो, पण खर्च तीस रुपयाच्या आत आणि बायको आता म्हणत नाही की एवढ्या जोरात कोण ओरडलं.

दुसरं, पत्र्याचा डबा. डिस्प्ले, नॅनो हे सगळं डिजिटल उघड्यावर असलं की बँडवर जागोजागी शिट्ट्या ऐकू येतात. एक शिट्टी तर डायल कुठंही फिरवा जागची हलतच नव्हती. माझा संशय नॅनोवर, कारण स्वस्त नॅनोत यूएसबीसाठी सीएच३४०जी असतं, त्याला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो, आणि आपली आयएफ (आतल्या फिल्टरची फ्रिक्वेन्सी) पण १२. म्हणजे चोर घरातच बसलेला. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्याची पेटी केली, त्याला कथिल सुंदर लागतं, सगळ्या कडा सोल्डर केल्या, आत येणाऱ्या करंटच्या वायरवर फेराइटचा मणी आणि कपॅसिटर. शिट्टी गेली. उरलेल्या एक-दोन आहेत त्यांच्याकडं मी लक्ष देत नाही. ॲल्युमिनियमची फॅन्सी पेटी मिळते, पण तिला सोल्डर लागत नाही, म्हणून निस्त्या दिसण्यावर जाऊ नका.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण हे पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूत कुणी लिहीत नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर सहज जातो, वर पत्र्याची खोली असेल तर विचारूच नका, आणि दुपारी डिस्प्लेवर आकड्यांच्या जागी काळे ठोकळे दिसायला लागतात. बिघडलेला नसतो तो, एलसीडीचा कॉन्ट्रास्ट उष्णतेनं वाढतो. कॉन्ट्रास्टचा प्रीसेट डब्याच्या आत आहे, तो काढून बाहेर छोटा पॉट लावला की मिटलं. ७८०५ रेग्युलेटर पण बोट ठेववत नाही इतका तापतो, त्याला डब्याच्या पत्र्यालाच स्क्रूनं आवळून टाका. आणि आयआरएफ५१० चा किटातला हीटसिंक हिवाळ्यापुरता आहे, जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधला मोठा काढून लावा, भंगारवाल्याकडं मिळतो.

ट्यूनिंगच्या एन्कोडरची (फिरवायच्या बटणाची) टिकटिक मला आवडली नाही, एक पाऊल पुढं टाकलं तर तो कधी दोन टाकतो, कधी मागं येतो. दोन्ही पायांवर ०.१ मायक्रोफॅराड लावल्यावर सुधारला. पावलं १०० हर्ट्झची होती, एसएसबीत तेवढ्यानं माणसाचा आवाज बदकासारखा होतो, म्हणून प्रोग्राममध्ये १० चं केलं, आणि एन्कोडर दाबला की १००० चं. प्रोग्राम विक्रेत्यानं उघडा दिलाय, हे चांगलं. माझ्या शाळेतली नववीतली पोरं अर्डुइनोवर दिवे लावतात, त्यांच्यातल्या एकीनं तो बदल वाचून समजावून सांगितला की सर ही ओळ बदला. म्हणजे अवघड काही नाही.

पीटीटी सोडल्यावर स्पीकरमध्ये ठप्प असा आवाज येतो, रिलेमुळं. त्यालाही इलाज आहे, पण मी सवय करून घेतलीय.

आणि आता ज्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते ते, २४ व्होल्ट. शेवटच्या ट्रान्झिस्टरला वेगळा सप्लाय द्यायची सोय बोर्डवर आहे, दोन बॅटऱ्या मालिकेत लावून त्याला २४ दिले की वॅट दुपटीच्या आसपास जातात. करून बघितलं, आणि परत १२ वर आलो. का ते सांगतो. वॅट दुप्पट म्हणजे ३ डीबी, आणि मीटरवरचा एक एस पॉइंट (सिग्नलच्या काट्याचं एक घर) ६ डीबीचा, म्हणजे समोरच्याला फरक जाणवणार अर्ध्या काट्याचा. त्यासाठी दुसरी बॅटरी सांभाळा, दुप्पट उष्णता काढा आणि आयआरएफ५१० च्या जिवावर उठा, कशाला? तोच पैसा आणि तीच ताकद अँटेना वर न्यायला लावा.

अँटेना माझी साधी इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही आकाराची) आहे. गच्चीवर जीआय पाइप उभा करून मधोमध बांधलीय, दोन्ही बाजूला तेहतीस-तेहतीस फूट घरच्या वायरिंगचीच तार, टोकं नायलॉनच्या दोरीनं कंपाउंडला. फार उंच नाही आणि ते आपल्यासाठी चांगलंच, कारण ४० मीटरवर कमी उंचीची अँटेना सिग्नल सरळ वर फेकते, तो आयनोस्फिअरवरून (हवेच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) खाली पडतो आणि आसपासच्या चारशे-पाचशे किलोमीटरचं सगळं वर्तुळ भिजवतो. परभणी नकाशावर अशा ठिकाणी आहे की हैदराबाद, पुणे, नागपूर तिन्ही सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आगेमागे, म्हणजे ७ वॅटला अगदी बेताचं अंतर. सकाळी आणि चारनंतर तिन्हीकडं आरामात बोलणं होतं, समोरचा पहिल्यांदा विचारतो रिग कोणता, बिटएक्स म्हणलं की पुढची दहा मिनिटं त्याच्याच गप्पा. भर दुपारी आयनोस्फिअरचा खालचा डी थर सिग्नल खातो, तेव्हा जमत नाही. रात्री तर उलटंच, जवळचे गायब होतात, लांबचे घुसतात, आणि ७.२ च्या वरची ब्रॉडकास्ट स्टेशनं इतकी दणकट येतात की किटाचा पुढचा फिल्टर त्यांना पूर्ण अडवू शकत नाही, खाली कुजबूज राहते. रात्री डीएक्स (लांबच्या परदेशी स्टेशनांशी बोलणं) करायचं स्वप्न बघून हे किट घेऊ नका. आमच्याकडं अजून एक त्रास म्हणजे वानरं, त्यांना ती तार झोक्यासाठीच बांधलीय असं वाटतं. दोरी आणि तारेच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातल्यापासून तार तुटत नाही, वानरं मात्र येतातच.

लो-पास फिल्टरबद्दल एक गंभीर सूचना. पॉवर वाढावी म्हणून काही जण आउटपुटच्या कॉइलचे वेढे कमीजास्त करतात, किंवा फिल्टर बाजूला काढूनच चालवून बघतात. असलं करू नका. ७ चा दुप्पट १४, तिप्पट २१, तिथं दुसरे लोक बसलेत, तुमचा कचरा त्यांच्या कानात जाणार. मीटरवर जास्त वॅट दिसले तरी त्यातले किती ७ वर आणि किती भलतीकडं हे तो मीटर सांगत नाही.

आणि लायसन्स. किट घ्यायला कुणी लायसन्स विचारत नाही, विक्रेत्यानंही विचारलं नाही, पण पीटीटी दाबायला ते लागतंच. दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची परीक्षा असते, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स येत नसला तरी चालतं, जनरलला मोर्स लागतं. परीक्षा पास होऊन लायसन्स हातात पडेपर्यंत वेळ जातो, तोपर्यंत रिसीव्हरचा भाग पूर्ण करून ऐकण्यापर्यंतचा अभ्यास होतो, म्हणून माझं मत उलट आहे, किट आधी घ्या आणि परीक्षेचा अभ्यास त्याच्यावरच करा. बॅलन्स्ड मिक्सर काय असतो हे पुस्तकात चार वेळा वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते ट्रान्सफॉर्मर जोडताना शिरलं.

किंमतीचं बोलायचं तर निस्त्या किटावर जाऊ नका. सोल्डरिंग आयर्न बरं घ्या, टोक बदलता येणारं. मल्टिमीटर, थोडी कोॲक्स, कनेक्टर, माइक, स्पीकर, डबा, पाइप, तार, हे सगळं धरलं की किटाच्या किमतीएवढेच वरून जातात. एलएम३८६, बीसी५४७, डायोड, रेझिस्टर हे परभणी-नांदेडला मिळतं. टोरॉइड, एसआय५३५१ चा बोर्ड आणि चांगला आयआरएफ५१० मात्र ऑनलाइन मागवा, नाहीतर हैदराबादला कुणी जाणारं असेल तर कोटीतल्या गुजराती गल्लीत यादी द्या, रात्रीच्या गाडीनं गेलं की दुसऱ्या दिवशी काम होतं. ऑनलाइन आयआरएफ५१० घेताना दोन-तीन जास्तीचे घ्या आणि अगदी स्वस्त दिसला तर सोडून द्या, नकली भरपूर फिरायलेत.

गुण द्यायचे तर पीसीबी आणि क्रिस्टलला दहापैकी नऊ, रिसीव्हरला आठ, ट्रान्समीटरला सात, माहितीपत्रकाला तीन, तेही कागद जाड होता म्हणून. विक्रेत्याला बांधणीचा क्रम आणि हीटसिंकच्या बुशबद्दल लिहून पाठवलंय, तो म्हणाला पुढच्या खेपेला टाकतो. २० मीटरचा बोर्ड पण काढणार आहे म्हणे. त्यात बुश आलं तर घेईन.